तीन रेघांचा डबा

सिरसाळ्यात पंचाक्षऱ्यांचं आडतीचं दुकान खाली आणि घर वर. खाली दिवसभर तुरीची, ज्वारीची पोती रिकामी व्हायची, चाळण्या हलायच्या, हमाल बारदाना झटकायचे, आणि तो सगळा भुसा, फोलकट, माती जिन्यानं, खिडकीनं, जिथून वाट मिळेल तिथून वर चढायची. ज्या धुळीवर घराची चूल पेटत होती त्याच धुळीशी गंगासागरबाईंचं हाडवैर होतं. हलवायाच्या बायकोनं साखरेवर रुसावं तशातली गत. पण हे त्यांना सांगणार कोण? नवरा गेल्यापासून घरात त्यांच्यापुढे बोलणारं माणूस उरलं नव्हतं, आणि नवरा होता तेव्हाही तो फारसा बोलत होता अशातला भाग नाही.

बाई पहाटे उठायच्या, आंघोळ करून कपाळावर तीन बोटं भस्म ओढायच्या आणि गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पाऊण तास पूजेला बसायच्या. पूजा आटोपून डोळे उघडले की समोर सुपली हजर पाहिजे. सुपलीत घरातला केर. भिवराबाई म्हणून एक गरीब म्हातारी वीस वर्षं हे घर झाडत होती, आणि वीस वर्षं तो केर उकिरड्यावर टाकण्याआधी बाईंना दाखवत होती. बाई काडीनं उकरून बघायच्या. केसांचा गुंता दिसला की विंचरायला कोण कुठं बसलं होतं, भाताचं शीत दिसलं की काल शेवटी कोण जेवलं, हे सगळं त्या केरातून वाचायच्या. पोथी त्यांनी इतकी मन लावून कधी ऐकली नसेल.

थोरली सून रुद्राणी नेकनूरची. लग्न होऊन अकरा वर्षं झालेली आणि पदरात एक मुलगी, महानंदा, नऊ वर्षांची. नंदा अभ्यासात हुशार, बोलायला गोड, आणि छातीनं अधू. तुरीचे दिवस आले की पोरीचा श्वास चढायचा, गळ्याचा खळगा आत ओढला जायचा, ओठ निळे पडायचे. रुद्राणी तिला मांडीवर उभं धरून पाठ चोळत बसायची आणि मनातल्या मनात प्रत्येक श्वास मोजायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून साफ सांगितलं होतं, "पोरीला दमा आहे. आधी त्या धुळीतून बाहेर काढा. मी औषध द्यायचं आणि तुम्ही रोज धूळ द्यायची, याला काही अर्थ नाही. एखाद्या दिवशी गेलेला श्वास परत यायचा नाही."

रुद्राणीनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी त्याच संध्याकाळी तिला समोर बसवलं.

"दमा हा शब्द या घरात पुन्हा काढायचा न्हाई. सर्दी हाय पोरीला. कुणी इचारलं तर सर्दी म्हणायचं. पोरीच्या जातीला दमा हाय म्हणून एकदा गावात गेलं की उद्या सोयरीक घेऊन कुत्रं येणार न्हाई दारात."

नवरा, संगमेश्वर, शेजारीच बसून मान हलवत होता. आईसमोर त्याची मान एकाच दिशेनं हलायची. तेव्हापासून नंदाला सर्दी होती. शाळेत सर्दी, शेजारी सर्दी, पाहुण्यांत सर्दी, अगदी औरंगाबादेत राहणाऱ्या सख्ख्या धाकट्या दिरालासुद्धा सर्दीच सांगितलेली.

हा धाकटा दीर राजेश्वर. इंजिनिअरिंगला दोनदा गटांगळ्या खाऊन शेवटी चिकलठाण्यात प्लास्टिकच्या एका कारखान्यात लागला होता. तेव्हा बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं, लोकही नव्याला हपापलेले. एका कंपनीनं या कारखान्याला व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांचं काम दिलं. जुन्या मशीनच्या पोटात कापडी पिशवी असायची. ती बाहेर काढायची, झटकायची, म्हणजे ओढलेली अर्धी धूळ पुन्हा आपल्याच नाकात. राजेश्वरचं डोकं परीक्षेत चाललं नाही ते इथं चाललं. त्यानं पिशवीच काढून टाकली आणि मोटारीच्या खाली एक डबा बसवला. दोन बाजूंना दोन खटके; डबा मोटारीला नसला की त्याच खटक्यांत वरचं झाकण बसायचं. खटके दाबले की डबा सुटून हातात येतो, केराला बोट न लावता केर बाहेर. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण डबा किती भरला ते न उघडता कळावं म्हणून त्यानं तो काचेसारखा आरपार केला आणि त्यावर आडव्या सात रेघा पाडल्या.

कंपनीच्या साहेबानं नमुना हातात घेऊन फिरवून बघितला. "डबा उत्तम आहे," तो म्हणाला, "पण आरपार नको. कुठल्या बाईला आपल्या घरातली घाण अशी समोर टांगलेली आवडेल? गडद रंगाचा करा." साहेब शहाणा होता. डबा किरमिजी झाला, रेघा गेल्या, मशीन खपलं. राजेश्वरकडे नमुन्याचे दोन आरपार डबे उरले. त्यातला एक मशीनला बसवून आणि एक जादा म्हणून बरोबर घेऊन तो पंच्याण्णवच्या दिवाळीला घरी आला. कंपनीला ज्या गोष्टीची धास्ती वाटली, नेमकी तीच त्याच्या आईला आवडली.

मशीनची सोंड गादीवरून फिरली, डबा सुटून बाईंसमोर आला. बाईंनी तो उजेडाकडे धरला. आत राखाडी धूळ, केस, तुरीचं फोलकट, एक तुटकं बटण. बाईंनी रेघा मोजल्या. लिहिता-वाचता येत नसलं तरी सातपर्यंत मोजता येत होतं, आणि त्यांच्या कामाला तेवढं पुष्कळ होतं. "राजू," त्या म्हणाल्या, "लई झ्याक काम केलंस बघ. आता कुणाला लबाडी करता यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी भिवराबाईला एक जुनं लुगडं देऊन वाटेला लावलं. "मशीनला पगार लागत न्हाई," बाई म्हणाल्या. मशीनला लागत नव्हता हे खरं. रुद्राणीलाही लागत नव्हता.

पहिल्या दिवशी रुद्राणीनं डबा समोर ठेवला तेव्हा केर सहाव्या रेघेला टेकला होता. बाई म्हणाल्या, "एवढी घाण निघाली? म्हंजे काल काय झोपली व्हतीस?" रुद्राणीनं दिवसभर घर घासून काढलं. दुसऱ्या दिवशी डबा दोन रेघांवर. बाई म्हणाल्या, "एवढंच? म्हंजे आज मशीन नुसतंच फिरवलंस व्हय?" इकडे आड तिकडे विहीर. जास्त निघालं तर काल काम केलं नाही, कमी निघालं तर आज केलं नाही. राजेश्वरनं डब्याला सात रेघा दिल्या होत्या, पण सुनेला बरोबर ठरवणारी रेघ त्यात कोणती, हे मात्र त्यानं लिहून ठेवलं नव्हतं.

ती रेघ रुद्राणीनं मार खात खात शोधून काढली. तिसरी. केर तिसऱ्या रेघेवर असला की बाई नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्या घरात "हं" म्हणजे शालजोडी. मग रुद्राणीनं डालड्याचा एक रिकामा डबा मिळवला. ज्या दिवशी केर जास्त निघेल त्या दिवशी वरचा काढून डालड्यात, ज्या दिवशी कमी निघेल त्या दिवशी डालड्यातला घालून बेरीज पुरी. सकाळी कितीदा लाइट नसायची, मशीन हूं की चूं करत नसायचं, तरी पूजेनंतर डबा तीन रेघा भरलेला समोर हजर. लाइट नसताना केर निघतो कसा, हा प्रश्न बाईंना पडला नाही. ज्याला दुसऱ्याची खोट काढायची असते त्याचं लक्ष केरावर असतं, तारेवर नसतं.

डालड्याचा डबा लपवायला घरात एकच जागा होती जिथं बाई वाकत नसत, ती म्हणजे नंदाच्या खाटेखालची. त्यात भर म्हणजे मशीन पुढून धूळ ओढायचं आणि त्यातली बारीक पूड मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत फेकायचं. ते सुरू झालं की नंदा खोकायला लागायची. रुद्राणीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि ती रोज खटके दाबत होती.

पुढच्या उन्हाळ्यात राजेश्वरचं लग्न झालं. आईनं बोलावलं म्हणून तो कारखाना सोडून दुकानात बसायला लागला. बायको उदगीरची, स्वप्नाली, बी.ए. झालेली, हसतमुख, जराशी धिटाईची. बाईंनी जादा डबा बाहेर काढला आणि घराचे दोन भाग केले. रस्त्याकडच्या खोल्या स्वप्नालीकडे, स्वयंपाकघराकडची बाजू रुद्राणीकडे. मशीन एक, डबे दोन. एकीचं झालं की तिनं आपला डबा सोडवायचा आणि दुसरीनं आपला चढवायचा. पूजा संपली की वर्तमानपत्राच्या कागदावर दोन्ही डबे शेजारी शेजारी.

पहिल्याच दिवशी स्वप्नालीचा डबा पाच रेघांचा. "आत्याबाई, खाली दुकान हाय," ती हसून म्हणाली, "धूळ येणारच की." आता आभाळ कोसळणार म्हणून रुद्राणी भिंतीला टेकून उभी राहिली. अकरा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, आणि या पोरीनं आल्या आल्या सहज समोर ठेवलं होतं. पण नव्या नवरीला नऊ दिवस असतात. बाईंनी नुसतं रोखून बघितलं आणि कागद गुंडाळला.

रुद्राणीचं स्वप्नालीशी वैर नव्हतं. उलट दुपारी दोघी मिळून शेंगा निवडायच्या. स्वप्नाली नंदाच्या दोन वेण्या घालायची, तिला कविता पाठ करून घ्यायची. नंदाला खोकल्याची उबळ आली की स्वप्नाली म्हणायची, "अक्का, हिची सर्दी लई दिवसांची झाली वो. काढा देऊ का करून?" आणि रुद्राणी म्हणायची, "दे की." खरं ते तिच्या जिभेवर कितीदा आलं असेल. पण आपलं ठेवायचं झाकून, हे त्या घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की जवळच्या माणसाजवळही झाकण निघत नव्हतं.

शिवरात्रीच्या सुमाराला अंबाजोगाईच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एक गाळा मिळाला. राहायला बाजारापासून लांब दोन खोल्या, समोर मोकळं मैदान, पोरींची शाळा हाकेच्या अंतरावर. पाडव्याला तिथं दुकान सुरू करायचं ठरलं. दोघा भावांपैकी एकानं बायकोसह तिथं जायचं. कोणी, ते ठरत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "भाऊ कोणता जातो ह्याला महत्त्व न्हाई. आडत कुणीबी करंल. तिकडं सून कोणती जाती ते बघायचं हाय. मी डबे बघून ठरवीन."

त्या दिवशी रुद्राणी नंदाला घेऊन माळवदावर गेली आणि रडली. आनंदानं रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, देवाला डोळे आहेत. तीन रेघांचा डबा तिच्याइतका कोणाला भरता येत होता? जिचा डबा चांगला तिच्यावर विश्वास, आणि जिच्यावर विश्वास तिलाच लांबच्या दुकानाचं घर सोपवणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. "नंदे," ती म्हणाली, "आपण पाडव्याला अंबाजोगाईला जायचं. कुणाला सांगू नको." नंदानं मान हलवली. तेवढ्यानंही तिला धाप लागली.

पण आठवडा गेला, आणि बाई काही बोलेनात. स्वप्नालीचा डबा कधी चार रेघा, कधी पाच, आणि बाई तिला "नवी हाय, शिकंल" म्हणायला लागल्या. त्यातच नंदाला एक जोराचा झटका येऊन गेला. पोर मांडीवर निळी पडली, डोळे वर गेले, आणि खाली हमाल पोती झटकत होते. नुसतं आपलं चांगलं असून भागत नाही, दुसरीचं वाईटही असावं लागतं, हे त्या दिवशी रुद्राणीला कळलं. हे कळायला शाळा लागत नाही.

स्वप्नाली आपला डबा सोडवून खिडकीत ठेवायची आणि आंघोळीला जायची. रुद्राणी डालड्यातल्या दोन मुठी त्यात टाकायची. डबा सहा रेघा झाला. मग सात. मग झाकण लागेना इतका. बाईंचं "शिकंल" तीन दिवसांत संपलं. त्यांनी स्वप्नालीच्या हातात केरसुणी दिली आणि वरच्या खोलीपासून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत गुडघ्यावर बसून झाडायला लावलं, हमालांच्या पायातून. झाडून होईपर्यंत अन्न नाही. स्वप्नालीनं जिना झाडला. वर आली तेव्हा तिचे गुडघे सोलले होते आणि ती हसत नव्हती. रुद्राणीनं तिला तेल लावायला दिलं. तेच हात, तीच बाई.

तरीही बाई निकाल देईनात. पाडवा दहा दिवसांवर आला. त्या सोमवारी रुद्राणी नंदाचं औषध घेऊन बस स्टँडवरून येत होती. ऑम्लेटच्या गाड्याखाली अंड्यांची टरफलं पडली होती. लिंगायताच्या घरात कांदा-लसूणसुद्धा बाईंना विचारून शिजायचा, तिथं या पांढऱ्या तुकड्याचा अर्थ काय होतो हे तिला नीट माहीत होतं. तिनं इकडे तिकडे बघितलं, वाकली, आणि एक टरफल औषधाच्या कागदात गुंडाळून घेतलं. जन्मात तिनं त्या वस्तूला हात लावला नव्हता. घरी येऊन तिनं त्याचे नखाएवढे तुकडे केले.

मंगळवारी सकाळी बाईंची काडी केरात फिरता फिरता थांबली. त्यांनी एक तुकडा वेगळा काढला. मग दुसरा. "हे काय हाय?"

दोन्ही मुलांना खालून बोलावलं. राजेश्वर वाकून बघत म्हणाला, "पालीच्या अंड्याचं असंल, माय."

"पालीचं अंडं एवढं जाड असतंय का रं? मला शिकिवतोस?" बाईंचा आवाज बारीक झाला होता, म्हणजे फार वाईट होतं. "गळ्यात लिंग हाय माझ्या. ह्या घरात कुणी खाल्लं हे? बोल गं, तुज्या डब्यातलं हाय."

स्वप्नालीनं त्या तुकड्याकडे बघितलं. मग मान वर करून रुद्राणीकडे बघितलं, अगदी सावकाश, शेंग निवडताना किडकी आहे का बघावं तसं. आता ही सगळं बोलणार, असं रुद्राणीला वाटलं.

"मीच खाल्लं," स्वप्नाली म्हणाली. "कॉलेजात असल्यापासून सवय हाय. न्हाई सुटत."

राजेश्वर आ वासून बघत राहिला. बाईंनी कानावर हात ठेवले. त्यानंतर जे झालं ते रुद्राणीनं मागितलं होतं त्याच्या चौपट झालं. स्वप्नालीला नेसत्या लुगड्यानिशी अंगणात बसवून डोक्यावर गार पाण्याच्या घागरी ओतल्या. घरभर गोमूत्र शिंपडलं. तिचं अंथरूण जिन्याच्या वळणावर टाकलं, येता-जाता हमालांच्या नजरेसमोर. जेवण पत्रावळीवर, आणि ते वरून टाकायचं काम रुद्राणीचं. नंदा काकूकडे धावली तर बाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडली, रडता रडता श्वास अडकला. रुद्राणी तिला घेऊन आत गेली आणि स्वतःला समजावत राहिली, आठ दिवस, फक्त आठ दिवस. स्वप्नालीनं कबूल का केलं हे तिला कळत नव्हतं. पण ताटात पडलेलं पक्वान्न कुठून आलं हे भुकेलेलं माणूस विचारत नाही. तिनं नंदाची पुस्तकं एका पिशवीत भरून ठेवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"हिला माहेराला धाडलं तर जंगमस्वामींपासून समद्या भावकीला कळंल कावून धाडलं ते. घरात ठिवलं तर माझी चूल बाटती. म्हणून राजू आन ही, दोघं जावा अंबाजोगाईला. तिकडं आपल्या चुलीवर काय शिजवायचं ते शिजवा. माझ्या डोळ्याआड." मग बाई रुद्राणीकडे वळल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर माया आली. "आन ही माझ्याजवळ. एवढं घर राखणारी सून कुणी लांब धाडतं व्हय? मी मरस्तोवर हिला हलू देणार न्हाई."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक सहज म्हणतात. रुद्राणीच्या कानात नुसता आवाज भरला. बाई आपल्याकडे बघून कौतुकानं हसताहेत एवढं तिला दिसत होतं. संगमेश्वरची मान हलत होती.

"आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली, "नंदाला तरी काकूसंगं धाडा. शाळा चांगली हाय तिकडं. हवा... सर्दी कमी व्हईल तिची."

"त्या बाटलेल्या चुलीवर?" बाई ओरडल्या. "अंडं खाणारीच्या हातचं माझ्या नातीनं खायचं? डोकं फिरलं का तुझं? पुन्हा बोलू नको."

आता एकच दार उरलं होतं, आणि त्याची किल्ली रुद्राणीच्याच तोंडात होती. टरफल माझं, एवढं बोलायचं. चूल शुद्ध, पोरगी मोकळी. ती बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. पण बाईंना ती पुरती ओळखत होती. खोटारड्या सुनेला त्या नेकनूरला हाकलणार आणि पोर ठेवून घेणार, कारण पोर पंचाक्षऱ्यांची. मग तुरीच्या दिवसांत नंदाला मांडीवर उभं कोण धरणार? रुद्राणीनं तोंड मिटलं. आपल्या हातानं विणलेल्या जाळ्याची गाठ तिला सुटली नाही.

पाडव्याला सकाळी जीप दारात आली. सामान चढलं. स्वप्नाली बाईंच्या पाया पडायला गेली तर बाईंनी पाय मागे घेतले. मग ती रुद्राणीसमोर वाकली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "टरफल तुमी टाकलंत, अक्का. धूळबी तुमचीच. माझ्या खोलीत तुरीचं फोलकट येतं, सैपाकघरातली हळद-मिठाची पूड कुठून येईल? मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग कबूल कावून केलंस?"

"कावून म्हंजे? मला जायचं व्हतं. आत्याबाई चांगल्या सुनेला सोडत न्हाईत, हे तुमच्याकडं बघूनच कळलं मला. वाईट व्हायचं कसं ते समजत नव्हतं. ते तुमी केलंत." तिचा आवाज कडवट नव्हता. सोललेल्या गुडघ्यांची किंमत चुकती झाल्यासारखा निवांत होता.

रुद्राणीनं तिचा दंड घट्ट धरला. सगळं झाकण एकदम उडालं. "नंदाला दमा हाय गं. सर्दी न्हाई. डॉक्टर म्हणले या धुळीत पोर जगत न्हाई. तिच्यासाठी केलं मी समदं."

स्वप्नालीचा चेहरा उतरला. ती नंदाकडे बघत राहिली. "एका शब्दानं बोलायचं व्हतं," ती म्हणाली. "शेंगा निवडताना बसत व्हतो आपण. मी तिला जिवाचा आटापिटा करून नेली असती, न्हाई तर तुमालाच जा म्हणले असते." खालून राजेश्वरनं भोंगा वाजवायला सांगितला. स्वप्नाली पायरीवर थांबली, पुन्हा मागं बघितलं. "आता मी खरं सांगितलं तर मला इथं ठेवतील, आन तुमाला नेकनूरला. न्हाई अक्का. मला न्हाई व्हायचं." आणि ती जिना उतरून गेली. तिला दोष द्यावा तर कुठल्या तोंडानं द्यावा?

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. बाईंनी दोन्ही डबे रुद्राणीच्या हाती दिले होते. आता घर सगळं तिचं. कागद अंथरला गेला. रुद्राणी डबा घेऊन खाली बसणार तोच बाई म्हणाल्या, "थांब. नंदेला हाक मार."

नंदा आली. आजीनं कधी नव्हे ते जवळ घेतलं म्हणून पोरीला केवढा आनंद झाला. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आईसारखी झाली पायजे माझी नात. आजपासून डबा तू उघडायचा. रोज. आत्तापासून सवय लागू दे."

नंदानं दोन्ही हातांनी डबा मांडीवर घेतला. तिच्या बारक्या बोटांना खटका दबेना, म्हणून बाईंनी कौतुकानं आपलं बोट वरून ठेवलं. झाकण उडालं. डबा कागदावर पालथा झाला आणि तुरीची पिवळी धूळ तिच्या तोंडासमोर उठली. रुद्राणीनं धावत येऊन पदर तिच्या नाकावर दाबला.

"पदर काढ," सासू म्हणाली. "बघू दे तिला नीट."

रुद्राणीनं पदर काढला.